अपडेट मारताय? थांबा जरा, आधी या चुका टाळा

दर पंधरा दिवसांनी कुणीतरी मला व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट टाकतं. लाल अक्षरांनी भरलेलं टर्मिनल आणि खाली एकच वाक्य, "दादा, काल चालत होतं." काय बदललंस विचारलं तर "काहीच नाही". आणि गंमत म्हणजे पोरगं खोटं बोलत नसतं, कोडला त्याने खरंच हात लावलेला नसतो, पण त्याच्या पायाखालचं नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम), पायथन, नाहीतर कुठलीतरी लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) रात्रीत नव्या व्हर्जनवर सरकलेली असते आणि ती सरकू शकते हेच त्याला माहीत नसतं.

नवीन रिलीजच्या बाबतीत मला दोनच जातीचे लोक दिसतात. एक म्हणजे रिलीज आली की त्याच संध्याकाळी अपग्रेड मारून लिंक्डइनवर पोस्ट टाकणारे. दुसरे म्हणजे "चालतंय ना, मग हात लावू नको"वाले, ज्यांचा प्रोजेक्ट त्यांच्या लग्नाच्या वेळच्या व्हर्जनवर असतो. मी दोन्ही पंगतीत जेवून आलोय, म्हणून लिहितोय.

"लेटेस्ट" लिहून मोकळं होणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण मी स्वतः केलीय.

२०२१ ची दिवाळी, धनत्रयोदशीचा दिवस. अर्धी टीम गावाला पोचलेली. क्लायंटला होमपेजवरची एक ओळ बदलून हवी होती, एक ओळ! मी म्हटलं दहा मिनिटांचं काम आहे, करतो आणि निघतो. बिल्ड सर्व्हरवर (जिथे कोडपासून चालणारी साइट तयार होते) गेलो तर डिस्क फुल. मग नेहमीचा उपाय, डॉकरच्या जुन्या इमेजेस (ॲपला लागणारं सगळं बांधून ठेवलेले गठ्ठे) प्रून करून, म्हणजे उडवून टाकल्या, सगळ्याच्या सगळ्या, आणि वीस-बावीस जीबी मोकळी झाली म्हणून स्वतःवर खूशही झालो. बिल्ड लावली आणि धाडकन एरर: डिजिटल एन्व्हलप रूटीन्स, अनसपोर्टेड.

आता एक ओळ मजकूर बदलल्यावर हे एन्व्हलप कुठून आलं? मी बदल मागे घेतला, तरी तेच. गेल्या महिन्यातलं कमिट (कोडची तेव्हा जतन केलेली स्थिती) बिल्ड केलं, तरी तेच. इथे माझा घसा कोरडा पडला, कारण ते कमिट तर प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या साइटवर, मजेत चालू होतं. घरून दोन फोन येऊन गेले, उटणं आणायचं राहिलं होतं.

झालं असं होतं की डॉकरफाइलच्या (इमेज कशी बनवायची ते सांगणारी फाइल) पहिल्याच ओळीत नोडच्या पुढे "लेटेस्ट" लिहिलेलं. सर्व्हरवर कित्येक महिन्यांपूर्वी ओढलेली नोड १६ ची इमेज पडून होती आणि डॉकर बिचारा तीच वापरत होता. मी ती उडवली, त्याने नवीन "लेटेस्ट" आणली, आणि ऑक्टोबरमध्येच नोड १७ आलेलं. नोड १७ मध्ये ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) ३ आलं, त्यात एमडी४ नावाची जुनी हॅश पद्धत (मजकुराचा छोटा ठसा काढायची) मुळात बंद, आणि आमचा वेबपॅक ४ (साइटच्या फाइली एकत्र बांधणारं टूल) फाइलींचे हॅश काढायला तीच एमडी४ वापरायचा. म्हणजे चूक कोडमध्ये नव्हतीच, ती त्या एका शब्दात महिनोन्‌महिने बसून माझ्या प्रूनची वाट बघत होती.

मग घाईत असलेला माणूस जे करतो तेच मी केलं. पहिलं उत्तर सापडलं, ओपनएसएसएल लेगसी प्रोव्हायडरचा फ्लॅग (जुन्या पद्धती परत चालू करणारा पर्याय) लावा, तो पॅकेज जेसनच्या (प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजेसची यादी आणि स्क्रिप्ट्स असलेली फाइल) बिल्ड स्क्रिप्टमध्ये लावला, बिल्ड हिरवी, लॅपटॉप बंद, घरी. दिवाळीनंतर सगळे परत आले, कोड पुल केला आणि प्रत्येकाच्या मशीनवर बिल्ड फुटली. कारण सगळ्यांच्या लॅपटॉपवर नोड १६, आणि १६ ला तो फ्लॅग ओळखताच येत नाही, तो सरळ "नॉट अलाउड" म्हणून हात वर करतो. फराळाच्या डब्यांबरोबर मला जे ऐकायला मिळालं ते इथे लिहीत नाही.

खरा उपाय दोन मिनिटांचा होता. "लेटेस्ट" खोडून "१६" लिहायचं, फ्लॅग काढायचा, आणि वेबपॅक ५ वर जायचं काम वेगळं तिकीट करून लावायचं. तेव्हापासून माझ्या कुठल्याही डॉकरफाइलमध्ये लेटेस्ट दिसणार नाही, आणि कुणाच्या दिसलं तर मी तो पीआर (तपासायला पाठवलेला कोडमधला बदल) न वाचताच परत पाठवतो. लेटेस्ट म्हणजे सगळ्यात चांगलं नव्हे, सगळ्यात ताजं. नोडचं तर इतकी वर्षं सरळ गणित राहिलंय की सम नंबरवाली व्हर्जन्स ऑक्टोबरमध्ये एलटीएस (लांब मुदतीचा सपोर्ट असलेली) होतात, विषम नंबरवाली साधारण सहा महिन्यांत बाद. १७ विषम. प्रॉडक्शनमध्ये विषम नंबर चालवायचं कारण मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

लॉक फाइल उडवून "फ्रेश इन्स्टॉल"

"नोड मॉड्यूल्स आणि पॅकेज-लॉक डिलीट कर, परत इन्स्टॉल मार, होऊन जाईल." (पहिला म्हणजे उतरवलेल्या पॅकेजेसचा फोल्डर, दुसरी म्हणजे लॉक फाइल.) हा सल्ला पोरं एकमेकांना सर्दीवर आल्याचा चहा सांगावा तसा देतात. नोड मॉड्यूल्स उडवा, हजार वेळा उडवा, काही बिघडत नाही. पण लॉक फाइल म्हणजे कचरा नाही हो! तुमच्या प्रोजेक्टमध्ये नेमकं कुठल्या पॅकेजचं कुठलं व्हर्जन बसलंय याची ती सातबारा आहे. ती फाडली की पॅकेज जेसनमधली ती टोपी कामाला लागते, तीच, आकड्याच्या आधीचं ^ हे चिन्ह. टोपी १.४.० लिहिलंय म्हणजे १.४.० बसतं असं अर्ध्या लोकांना वाटतं. तसं नाहीये, २ च्या खालचं जे सगळ्यात नवीन असेल ते बसतं. (शून्यापासून सुरू होणाऱ्या व्हर्जनला टोपीचा नियम वेगळा आणि कडक आहे, तिथे मधला आकडाही हलत नाही.)

म्हणजे एक छोटा एरर घालवायला तुम्ही नकळत शंभर पॅकेजेस अपग्रेड केलीत आणि पीआरमध्ये लिहिलंत "मायनर फिक्स".

जानेवारी २०२२ मध्ये कलर्स नावाच्या पॅकेजच्या मूळ लेखकानेच त्यात मुद्दाम न संपणारा लूप टाकला, टर्मिनलवर "लिबर्टी लिबर्टी" आणि पुढे चित्रविचित्र अक्षरांचा पूर. ज्यांची लॉक फाइल शाबूत होती त्यांना दुसऱ्या दिवशी बातमीतूनच कळलं. टोपीवर विसंबलेल्यांना बिल्ड लावल्यावर कळलं.

सर्व्हरवर एनपीएमची (नोडची पॅकेजेस बसवणारं टूल) "इन्स्टॉल" कमांड नाही, "सीआय" चालवा. ते लॉक फाइलप्रमाणेच बसवतं आणि पॅकेज जेसनशी जुळत नसेल तर भांडून थांबतं. ते भांडतं म्हणूनच मला आवडतं. आणि ऑडिट फिक्सला (धोकादायक पॅकेजेस आपोआप बदलणारी एनपीएमची कमांड) फोर्स लावणाऱ्यांनो, ते मेजर व्हर्जनही (पहिला आकडा) बदलून टाकतं, स्क्रीनवर तसं लिहून येतं, वाचत जा.

आता काही किरकोळ, पण रोज दिसणाऱ्या.

यामल फाइलमध्ये (सेटिंग्ज लिहायचा एक प्रकार) पायथन ३.१० अवतरणचिन्हांशिवाय लिहू नका. तो त्याला दशांश समजतो, शेवटचं शून्य गिळतो आणि ३.१ शोधायला जातो. या एका शून्यापायी लोकांच्या दुपारी गेल्यात.

रिॲक्ट (वेबसाइटचा दिसणारा भाग बनवायची लायब्ररी) १८ वर गेल्यावर यूजइफेक्ट नावाचं फंक्शन दोनदा चालतंय म्हणून स्ट्रिक्टमोड (चुका शोधून देणारी सोय) काढून टाकू नका. ते फक्त डेव्हलपमेंटमध्ये होतं आणि मुद्दाम केलंय, तुमचा क्लीनअप (मागचं आवरणारा कोड) लिहायचा राहिलाय तो दाखवायला.

जुना व्हिडिओ बघून किंवा एआयला विचारून नवीन प्रोजेक्ट क्रिएट-रिॲक्ट-ॲपने (रिॲक्टचा प्रोजेक्ट उभा करून देणारं जुनं टूल) सुरू करू नका. रिॲक्टच्या टीमनेच फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला निरोप दिलाय. ट्यूटोरियलची तारीख बघायला दोन सेकंद लागतात.

अपग्रेड आणि फीचर एका पीआरमध्ये नको. शुक्रवारी तर नकोच.

पिवळी अक्षरं म्हणजे सजावट नाही

लाल दिसलं की सगळे धावतात, पिवळी वॉर्निंग दिसली की स्क्रोल. जँगोवाले (जँगो म्हणजे पायथनमधलं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) यात पुढे. यूगेटटेक्स्ट लेझी नावाचं भाषांतराचं फंक्शन जँगो ३.० मध्ये, म्हणजे डिसेंबर २०१९ मध्ये, डेप्रिकेट झालं (पुढे काढणार अशी सूचना लागली) आणि डिसेंबर २०२१ च्या ४.० मध्ये काढलं. चांगली दोन वर्षं ते ओरडून सांगत होते की मी जाणार आहे. तरी आजही कुणीतरी २.२ वरून थेट ४.२ वर उडी मारतं, इम्पोर्ट एरर खातं आणि जँगोलाच शिव्या घालतं.

यात थोडा दोष पायथनचाही आहे, या वॉर्निंग्ज तो बहुतेक वेळा आपणहून दाखवतच नाही. म्हणून मी टेस्ट चालवताना पायथनला डॅश डब्ल्यू ए देतो, डब्ल्यू कॅपिटल, म्हणजे सगळ्या वॉर्निंग्ज बाहेर पडतात. पहिल्यांदा चालवाल तेव्हा घाबराल, दोनशे ओळी येतील. पण नीट बघा, त्यातल्या दीडशे एकाच फाइलमुळे असतात. आणि उडी मारायची नाही, जिना चढायचा: २.२, मग ३.२, मग ४.२, प्रत्येक पायरीवर वॉर्निंग्ज शून्य करायच्या आणि मगच पाय उचलायचा. वेळ लागतो, माहितीये. पण थेट उडीत तुटलेल्या चाळीस गोष्टींपैकी कुठली कशामुळे तुटली हे शोधण्यात त्याच्या तिप्पट वेळ जातो. टेस्टच लिहिलेल्या नसतील तर आधी त्या लिहा, अपग्रेडचं नंतर बघू.

रिलीज नोट्स वाचताना मी वरचा चकचकीत "व्हॉट्स न्यू" सोडून आधी "बॅकवर्ड इनकम्पॅटिबल" नावाच्या कंटाळवाण्या भागात जातो. नवीन काय मिळालं ते कधीही कळेल, माझं काय गेलं ते आज कळायला हवं.

मग किती थांबायचं?

साधी लायब्ररी असेल तर मी आठ-दहा दिवस थांबतो. काहींना हे म्हातारपण वाटतं. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबगसारखी एनपीएमवरची तुफान वापरातली पॅकेजेस त्यांच्या मेंटेनरला (ती सांभाळणाऱ्याला) फिशिंग करून हल्लेखोरांनी बिघडवली होती. ती काही तासांतच काढलीही, म्हणजे फटका बसला तो नेमका त्या काही तासांत घाई करणाऱ्यांना. फ्रेमवर्कचं मेजर व्हर्जन असेल तर पहिलं पॉइंट रिलीज (चुका दुरुस्त करणारं छोटं व्हर्जन) येऊ दे, मग बघू.

याला अपवाद सिक्युरिटीचा, तिथे त्याच दिवशी. पण एकदा पॅच केलं की सुटलो असं समजू नका. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेचं (नोंदी ठेवणारी जावाची लायब्ररी, तिच्यात मोठं भगदाड सापडलं होतं) २.१५ लावून लोक झोपले, मग २.१६ आलं, मग २.१७, मग २.१७.१, सगळं त्याच महिन्यात.

दुसऱ्या पंगतीतल्या "हात लावू नको"वाल्यांसाठी: दुधाच्या पिशवीवर तारीख बघता ना, तशी इथेही असते. नोड १८ चा सपोर्ट एप्रिल २०२५ मध्ये संपला, पायथन ३.९ चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. माझ्याकडे यासाठी काही भारी टूल नाही, रेपोमध्येच (कोड ठेवतो तिथेच) एक साधी टेक्स्ट फाइल आहे: टूलचं नाव, आमचं व्हर्जन, सपोर्ट संपायची तारीख. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जेवण झालं की ती उघडतो, चहा संपेपर्यंत बघून होते. सहा महिन्यांच्या आत कशाची तारीख येत असेल तर तिकीट लावतो. डिपेन्डाबॉट (अपडेटचे पीआर आपोआप उघडणारा बॉट) पण आहे, पण त्याचे चाळीस पीआर उघडे ठेवून "आम्ही अपडेटेड असतो" म्हणणाऱ्या टीम्स मी पाहिल्यात.

आणि एवढं करूनही फुटलंच, मला स्क्रीनशॉट पाठवायचाच असेल, तर नोडचं नाहीतर पायथनचं व्हर्जन, लॉक फाइलचा डिफ (आधीपेक्षा काय बदललं ते) आणि वरून पहिला एरर पाठवा. पहिला! सगळ्यात खालच्या ओळीत नुसतं "एक्झिट कोड १" असतं आणि लोक कायम तेवढंच पाठवतात.