दिवाळीचा किल्ला दसऱ्यालाच सुरू करा: घरी शिकणाऱ्या मुलांसाठी

शाळेत जाणाऱ्या मुलांचा किल्ला सहामाही संपली की घाईघाईत उरकतो, वसुबारसेच्या आदल्या दिवशी बाबा विटा रचतात, आई चिखल कालवते, मूल मावळे मांडतं आणि झाला किल्ला. तुमचं मूल घरीच शिकत असेल तर दसरा ते दिवाळी असे जवळजवळ तीन आठवडे तुमच्या हातात आहेत, पाऊस बहुतेक परतलेला असतो, अंगण किंवा गच्ची मोकळी असते, आणि माझं तर मत आहे की होमस्कूलिंगमध्ये वर्षभरात यापेक्षा मोठा प्रोजेक्ट शोधूनही सापडत नाही.

अट एकच ठेवा. किल्ल्यावरची प्रत्येक गोष्ट तिथेच का आहे हे मुलाला सांगता आलं पाहिजे, आणि सांगता येत नसेल तर ती आपणच लावलेली आहे असं समजा. मोठ्यांचं काम विटा उचलणं, बादल्या भरणं आणि शक्यतो गप्प बसणं. खालचं सगळं साधारण ७ ते ११ वर्षांच्या मुलांना धरून लिहिलंय, लहान भावंडं असतील तर त्यांना चिखल तुडवायला द्या, ती खुश.

१. आधी खरा किल्ला निवडा

"शिवाजी महाराजांचा किल्ला" असा मोघम किल्ला नको. त्यात मग एक दरवाजा, एक सिंहासन, एक गुहा आणि गुहेत वाघ एवढंच होतं, दर वर्षी तेच. महाराष्ट्रात खरे किल्ले इतके आहेत, त्यातला एक उचला. सगळ्यांना रायगडच करायचा असतो पण पहिल्याच वर्षी तो झेपत नाही. मी सुरुवातीला लोणावळ्याजवळचा लोहगड सांगते. आकार सोपा, वर जाणारी वळणावळणाची वाट, त्यावर गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे ओळीने चार दरवाजे, आणि डोंगराला विंचवाच्या नांगीसारखी लांबलचक सोंड, तिलाच विंचूकाटा म्हणतात, मुलांना ते नावच इतकं आवडतं की निवड तिथेच होऊन जाते. दहाच्या पुढचं मूल असेल तर राजगड घ्या, मधे बालेकिल्ला आणि बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या (बालेकिल्ल्याखालचे तटबंदीचे भाग). आणि ज्याला पाण्यातच खेळायचंय त्याला सिंधुदुर्ग किंवा खांदेरी, जुना टब बुडाशी ठेवला की समुद्र तयार.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. ती यादी भिंतीवर लावून ठेवली की पुढच्या वर्षी कुठला हा प्रश्न आपोआप सुटतो.

२. बटाटा कापा, नकाशा कळेल

मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा उघडून लोहगड वरून कसा दिसतो ते बघू द्या. आता डोंगराची उंची कागदावर कशी दाखवतात हे सांगायला एक कच्चा बटाटा लागतो. तो उभा अर्धा कापा, सपाट बाजू खाली ठेवा, म्हणजे टेकडी झाली. मग आडव्या चकत्या करा (सुरी तुम्ही धरा). सगळ्यात खालची चकती कागदावर ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवायची, मग त्याच्या आत दुसरी, मग तिसरी. भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्च रेषा त्या याच, रेषा जवळजवळ आल्या म्हणजे तिथे चढ उभा आणि लांब गेल्या की सोपा. दोन मिनिटांत कळतं, पाठ करावं लागत नाही. बटाट्याची भाजी करून टाका.

मग स्केल. नकाशाच्या कोपऱ्यात अंतराची पट्टी असते, तिच्याशी दोरा लावून विंचूकाटा किती लांब आहे ते मुलाने स्वतः मोजायचं. समजा तुम्ही ठरवलंत की खरा १ किलोमीटर म्हणजे आपला १ मीटर. डोंगर छान बसतो. पण त्याच हिशोबाने ५ मीटर उंच बुरुज फक्त ५ मिलिमीटरचा होतो आणि मावळा तर दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही, म्हणजे मुंगी त्याच्यापेक्षा मोठी! इथे मूल थांबतं आणि हसतं, आणि दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा दरवाजापेक्षा उंच का दिसतो हे त्याला तेव्हा समजतं. यावर तोडगा त्यालाच काढू द्या. डोंगराचं स्केल वेगळं आणि माणसांचं वेगळं धरायचं यावर बहुतेक मुलं स्वतःच येतात.

३. जागा आणि सांगाडा

भिंतीला टेकवून किल्ला करू नका, चारही बाजूंनी फिरता आलं तरच पुढे खेळायला मजा येते, शिवाय भिंतीला ओल धरते ती वेगळी. जागा किती लागेल ते तुमच्या स्केलवरून मोजून घ्या. गच्चीवर करत असाल तर खाली जाड प्लास्टिक अंथरा आणि पाणी जायच्या जाळीपासून लांब राहा, नाहीतर माती तिथे जाऊन बसेल आणि सोसायटीवाले तुमच्या दारात.

आत विटा, दगड, फुटक्या कुंड्या उपड्या, जे असेल ते. फक्त हलता कामा नये, मुलाला वरून दोन्ही हातांनी दाबून बघायला सांगा. विंचूकाट्यासाठी विटांची एकेरी ओळ पुढे काढायची. मग त्यावर गोणपाट. कोरडं गोणपाट टाकलंत तर माती धरत नाही, म्हणून बादलीत पातळ चिखल करून गोणपाट त्यात चांगलं बुडवायचं आणि मग घालायचं. इथे कपड्यांची आशा सोडा.

४. माती

चाळून घ्या, खडे वेगळे ठेवा, ते तटबंदीला लागतील. ओल्या मातीची बोटाएवढी जाड वळी करून ती वाकवून बघायची, लगेच तुटली तर वाळू जास्त आहे, न तुटता वळली तर चिकण. कोकणातली लाल माती नीट बसते, देशावरची काळी माती मात्र वाळताना इतकी तडकते की रात्रीत किल्ल्याला भूकंप झाल्यासारखं दिसतं. काळ्या मातीत वाळू आणि थोडा भुसा किंवा बारीक गवत कालवा. शेण मिळत असेल तर उत्तमच, पण मुलाला आवडेल की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

एकदम जाड थर नको. बोटभर थर, तो सुकत आला की पाण्याचा हबका, मग दुसरा. भेगा पडल्या तर पातळ चिखल भरायचा. एवढ्यासाठीच तीन आठवडे हवेत, दोन दिवसांत हे होत नाही.

५. पाणी आधी, बाकी नंतर

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात स्पष्ट म्हटलंय की गडावर आधी पाणी बघावं आणि मग किल्ला बांधावा. आपणही तेच करायचं. दुसरा थर ओलसर असतानाच माथ्यावर तांब्याने हळूहळू पाणी सोडा आणि मुलाला नुसतं बघू दे ते कुठून कुठे जातं. जिथे साचतं तिथे टाकं. जिथून घळ पडते तिथून वाट काढायची नाही, कारण पावसाळ्यात ती वाहून जाईल. हे असं तासभर चालतं, परत परत पाणी मागतात, द्या.

लोहगडावर नाना फडणवीसांच्या काळातलं सोळाकोनी तळं आहे आणि ते आपल्या किल्ल्यावर हवंच. कागदाचा गोल कापा, अर्धा दुमडा, परत अर्धा, परत, परत, असा चार वेळा. उघडलात की १६ भाग. घड्यांची टोकं पट्टीने जोडली की सोळा कोन तयार, एकेका भागाचा मधला कोन २२.५ अंश, हे ३६० ला १६ ने भागून त्याचं त्यालाच काढू द्या. तो कागद मातीवर ठेवून आकार कोरायचा, खोदायचं, आत प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा दाबायचा आणि वर पातळ मातीचा हात फिरवायचा. पाणी टिकतं. एक दिवसाने किती कमी झालं ते काडीवर खूण करून मोजता येतं, ते नाही केलं तरी चालेल.

६. वाट आणि दरवाजे

बुरुजांना साचा म्हणून स्टीलचे छोटे ग्लास, आत बारीक राख किंवा वाळू भुरभुरवून मग माती दाबायची म्हणजे सुटतात. तटबंदीला तेच चाळलेले खडे. पायऱ्या आइस्क्रीमच्या काड्यांनी दाबून. दरवाजे काडेपेटीचे.

इथे वेळ द्यायचा तो गोमुखी रचनेला. म्हणजे दरवाजा समोरून दिसतच नाही, दोन बुरुज पुढे येऊन त्याला कवेत घेतात आणि वाट एकदम वळते. का, हे सांगू नका. दोन वाटा करायला सांगा, एक सरळ दारापर्यंत जाणारी आणि एक शेवटच्या क्षणी वळणारी. आता पेन्सिल म्हणजे दार फोडायचा ओंडका. सरळ वाटेवर धावत येऊन दणका देता येतो, वळणावर पेन्सिल अडकते, वळवायला जागाच नसते, आणि तेवढ्या वेळात वरून बुरुजावरचे मावळे दगड मारतात (हा भाग सांगावा लागत नाही).

शेवटी गेरूचा हात, फक्त बांधकामावर. डोंगराला रंग लावू नका हो, मातीचा रंग मातीलाच शोभतो.

७. अळीव

गडावरच्या हिरवळीसाठी, वसुबारसेच्या पाचसहा दिवस आधी. अळीव थोड्या पाण्यात १५-२० मिनिटं भिजवले की बुळबुळीत होतात, त्यामुळे उतारावरही चिकटून राहतात, घरंगळत नाहीत. चमच्याने पातळ पसरायचे, ढीग केलात तर बुरशी येते. रोज दोनदा स्प्रेने पाणी, तांब्याने ओतलं तर सगळे वाहून पायथ्याशी. तटाजवळ पेरू नका, रोजच्या ओलीने तट खचतो. पायथ्याच्या शेतात नाचणी किंवा मोहरी, ती मात्र एखाददोन दिवस आधी टाका. परदेशात राहणाऱ्यांना अळीव मिळाले नाहीत तर नुसत्या मोहरीवरही काम भागतं, आणि तिकडे ऑक्टोबरमध्ये बाहेर थंडी-पाऊस असेल तर जुन्या ड्रॉवरमध्ये किंवा मोठ्या ट्रेमध्ये छोटा किल्ला खिडकीशी करा.

८. माणसं

बाजारातले दोनचार मावळे आणा, महाराजही आणा, पण बाकीची वस्ती घरी. गणपतीतला शाडू उरलेला असतोच, रात्रभर भिजवून मळून घ्या. दोन इंचाचा माणूस, मानेत काडेपेटीची काडी म्हणजे डोकं पडत नाही. सावलीत वाळवा, उन्हात तडकतो. मग पोस्टर कलर.

माझी एक तक्रार आहे. आपल्या किल्ल्यांवर पन्नास सैनिक असतात आणि दळण दळणारं एकही माणूस नसतं. मुलाला विचारा, हे सगळे जेवतात काय? मग दळायचं जातं येतं, अंबारखाना (धान्याचं कोठार) येतो, गवळण, कुंभार, शेळ्या, खाली लोहगडवाडी, आठवड्याचा बाजार, आणि मग एखादी म्हातारी जी कुणाची कोण हे फक्त मुलालाच माहीत असतं. अशी वस्ती झाली की खेळ सुरू झालाच समजा.

९. खेळ: इथे तुम्ही बाजूला

किल्ला पूर्ण झाल्यावर फोटो काढून लांबून बघायचा ही मोठ्यांची सवय. मुलांनी तो वापरायचा असतो, बुरुज पडला तर दुरुस्ती करायची, खऱ्या किल्ल्यांचीही होत होती. सुरुवातीला एखादी ठिणगी हवीच असेल तर इतकंच करा: दोऱ्याने गुंडाळलेला छोटा खलिता सकाळी वाटेवर टाकून ठेवा, "शत्रू गायमुख खिंडीत आला आहे, गडावर धान्य किती?" एवढंच लिहिलेला. पुढचं ती करतात. वाटीभर तांदूळ अंबारखान्यात भरून वेढा किती दिवस टिकेल याचा हिशोब आमच्याकडे जेवण थंड होईपर्यंत चालतो. १६६५ च्या पुरंदरच्या तहात लोहगड मुघलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये परत घेतला ही गोष्ट अशा वेळी सांगितली तर ऐकतात, एरवी सनावळ्या कोण ऐकतंय.

बोलावलं तरच खेळात जा आणि देतील ती भूमिका घ्या (मला बहुतेक वेळा गाय देतात). मधेच "यातून काय शिकलास?" विचारू नका, आणि नंतर वर्कशीट तर अजिबात नको.

सुट्टी लागली की सोसायटीतली पोरं येतील. "घरी शिकणाऱ्या मुलाला मित्र कुठून मिळणार" असं विचारणाऱ्या काकूंची पोरंही त्यात असतील. थोडी मोडतोड होईल, भांडणं होतील, कोण किल्लेदार यावरून अबोला धरला जाईल. लगेच धावू नका. फराळाला आलेल्या पाहुण्यांना गड दाखवायचं काम मुलाकडे द्या, पहिल्या दरवाजापासून सुरुवात करून. लाजरं मूलसुद्धा स्वतः बांधलेल्या गोष्टीबद्दल भरभरून बोलतं.

पणत्या संध्याकाळी लावा पण मोठं माणूस तिथे हवंच, गवताजवळ नको. आणि शेवटच्या दिवशी आत सुतळी बॉम्ब लावून किल्ला उडवायची हौस काही पोरांना असते, त्याला सरळ नाही म्हणा, खडे डोळ्यात जातात.

१०. दिवाळीनंतर

थंडीत खऱ्या लोहगडावर जाऊन या. पुण्याहून लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, भाजे गावातून चालत, वाटेत भाजे लेणी, मग त्याच गायमुख खिंडीतून लोहगडवाडी, किंवा गाडीने थेट वाडीपर्यंत. घरी शिकण्याचा फायदा इथे घ्या आणि मंगळवार-बुधवारी जा, शनिवार-रविवारी पायऱ्यांवर नुसती रांग असते. मुलाने काढलेला नकाशा बरोबर असू द्या आणि वाट त्यालाच दाखवू दे, चुकली तर विचारायला वाडीतली माणसं आहेत.

किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवला तरी चालतो. मोडताना आधी प्लास्टिक, काड्या, काडेपेट्या आणि रंगवलेले मावळे बाजूला काढा. न रंगवलेला शाडू परत भिजत घाला. माती फोडून, अळिवाच्या मुळांसकट कुंड्यांत जाऊ द्या. गेरू लागलेल्या मातीने काही बिघडत नाही, चुना किंवा सिमेंट वापरलं असेल तर मात्र तो भाग कुंडीत टाकू नका. गोणपाट धुऊन वाळवा, पुढच्या वर्षी तेच.