सुक्या मांसातलं मीठ मोजताना या चुका टाळा

मांस वाळतं तेव्हा पाणी उडून जातं, मीठ मात्र होतं तेवढंच राहतं. जर्की, बिल्टाँगसारख्या सुक्या मांसाचा हिशेब बहुतेक वेळा इथेच चुकतो. एक किलो कच्च्या मांसाला 20 ग्रॅम मीठ लावलं, म्हणजे 2 टक्के. वाळून साधारण 400 ग्रॅम उरलं की तेच मीठ 5 टक्क्यांवर गेलेलं असतं.

सोडियमचा आकडा मिठाचा समजणं

पाकिटावर 520 मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल तर मीठ अर्धा ग्रॅम नव्हे, 1.3 ग्रॅम आहे. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. त्यातही अमेरिकी लेबलवर सोडियम देतात, तेही एका सर्व्हिंगचं (एका वेळी खायला ठरवलेल्या मापाचं), तर युरोपातल्या लेबलवर 100 ग्रॅममागे मीठ. त्यामुळे एकावर '520 मिलिग्रॅम' आणि दुसऱ्यावर '4.6 ग्रॅम' दिसलं की पहिलं पाकीट सौम्य वाटतं. पहिल्याचं सर्व्हिंग 28 ग्रॅमचं असेल तर दोन्ही सारखीच खारट आहेत. तुलना करायची तर आधी दोन्ही आकडे 100 ग्रॅमवर आणा.

सर्व्हिंग हीसुद्धा फसवी गोष्ट. 70 ग्रॅमच्या पाकिटात अशी अडीच सर्व्हिंग बसतात, पण पाकीट फोडल्यावर अडीच वेळा मोजून कोण खातं? पूर्ण संपवलं तर 1,300 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सव्वातीन ग्रॅम मीठ पोटात गेलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते.

जिभेवर विसंबणं

साखर आणि आंबटपणा खारटपणा झाकतात. गोडसर चवीच्या जर्कीत मीठ कमी असेल असं अजिबात धरू नका. 'नायट्राइट (मांस टिकवणारं रसायन) न घातलेलं' या शब्दांचाही मिठाशी संबंध नाही. 'रिड्यूस्ड सोडियम' म्हणजे अमेरिकी नियमांनुसार नेहमीच्या मालापेक्षा किमान 25 टक्के कमी. मूळ मालच खारट असेल तर उरलेले 75 टक्केही पुष्कळ होतात.

घरी वाळवताना

सर्वांत जास्त नडतो तो चमचा. एक चहाचा चमचा बारीक मीठ सुमारे 6 ग्रॅम भरतं, तर तोच चमचा हलक्या, पापुद्र्यांच्या मिठाचा असेल तर जेमतेम 3 ग्रॅम. मीठ नेहमी काट्यावर तोला आणि मांसाच्या वजनाच्या टक्क्यात धरा. दीड ते दोन टक्के पुरतात.

दुसरी चूक म्हणजे सोया सॉस हिशेबात न धरणं. एका मोठ्या चमच्यात (15 मिली) सुमारे 900 मिलिग्रॅम सोडियम असतं. किलोभर मांसाला 20 ग्रॅम मीठ लावून वर 60 मिली सोया सॉस ओतला, की आणखी 9 ग्रॅम मीठ पडलं. सगळं मुरलं तर वाळलेल्या मालात मीठ 7 टक्क्यांच्या वर जातं. सोया सॉस घालायचा असेल तर तेवढं मीठ आधीच वजा करा. मांसाची पट्टी तव्यावर भाजून चव बघत असाल तर ती किंचित अळणी लागली पाहिजे; तिथे बेताची लागलेली पट्टी वाळल्यावर खारट लागणार.

क्युअरिंग सॉल्ट, म्हणजे मांस टिकवण्यासाठीचं नायट्राइट मिसळलेलं मीठ, ही वेगळीच चीज. त्यातल्या एक नंबरच्या मिश्रणात 6.25 टक्के सोडियम नायट्राइट असतं. किलोभर मांसाला हे मिश्रण अडीच ग्रॅम, तेही तोलूनच. साध्या मिठाच्या जागी ते कधीही वापरू नका.

मीठ कमी करताना मात्र टिकाऊपणाही कमी होतो, कारण मीठ पाणी बांधून ठेवतं आणि जंतूंना ते मिळू देत नाही. अशा वेळी माल जास्त कोरडा करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा. मीठ कितीही असो, वाळवण्याआधी लाल मांस आतून 71 आणि कोंबडी 74 अंश सेल्सिअसपर्यंत तापवणं सोडू नका. मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड वापरलं तर चव कडवट होते. मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्तदाबाची काही औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते नकोच.

खारट झालंच तर

वाळवण्याआधी लक्षात आलं तर पट्ट्या गार पाण्यात झटपट खळबळून पुसून घ्या. वाळल्यावर धुऊन पुन्हा साठवू नका. पाणी परत आत शिरलं की माल बिघडतो. बारीक कातरून बिनमिठाच्या सूपमध्ये किंवा भातात टाका.

पट्टीवर पांढरं काही दिसलं तर ओल्या बोटाने चोळा. मीठ असेल तर खरखरीत लागेल आणि विरघळेल. लव असलेलं, हिरवट किंवा कुबट वास येणारं असेल तर ती बुरशी आहे. तेवढी पट्टी नाही, अख्खं पाकीट टाका.