साथीच्या काळात स्थलांतरित वस्तीला आरोग्य संशोधनात कसे सामील करून घ्यावे

साथ सुरू असताना सर्वेक्षण करणारा माणूस आणि घरातल्यांना विलगीकरणात नेणारा माणूस दारात उभे राहिल्यावर सारखेच दिसतात: तोंडाला मास्क, हातात कागद आणि पहिला प्रश्न नाव-पत्त्याचा. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, नागपूरच्या सतरंजीपुऱ्यातून मोठ्या संख्येने लोकांना विलगीकरण केंद्रांत हलवले गेले, आमदार निवासही त्यासाठी वापरात आले. हे पाहिलेल्या कुटुंबाने आपल्याला दार उघडले नाही, तर त्याला अडाणीपणा म्हणू नये. म्हणून संशोधकाने पहिल्या भेटीत काहीच विचारू नये. वस्तीला काय विचारायचे आहे ते ऐकावे, लिहून घ्यावे आणि उत्तर घेऊन परत यावे.

हे सौजन्यापुरते नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सोमाली स्थलांतरितांची मोठी वस्ती आहे. तेथील पालकांनी २००८ च्या सुमारास विचारले की, आमच्याच इतक्या मुलांना ऑटिझम का दिसतो? मिनियापोलिसमधील अभ्यासाचे उत्तर २०१३ मध्ये आले: सोमाली मुलांतील प्रमाण गोऱ्या मुलांच्या जवळपास तेवढेच होते. पण तोवर लसविरोधी मंडळी वस्तीत पोहोचली होती आणि गोवरप्रतिबंधक लस घेणाऱ्या सोमाली मुलांचे प्रमाण ९२ टक्क्यांवरून दशकभरात ४२ टक्क्यांवर उतरले. २०१७ च्या उद्रेकात ७५ जणांना गोवर झाला. त्यांत बहुसंख्य सोमाली मुले होती. पालकांचा प्रश्न रास्तच होता. उत्तराला लागलेला उशीर मात्र महागात पडला.

आपल्याकडे नागपुरात कळमना, पारडी, भरतवाडा या भागांत छत्तीसगडी मजुरांची कुटुंबे आहेत. टाळेबंदीच्या काळात ठिय्यावर, म्हणजे मजूर रोजच्या कामासाठी जमतात त्या नाक्यावर, डबा घेऊन बसलेल्या एका रेजेला (बांधकामावरच्या मजूर बाईला) मी खोकल्याबद्दल विचारले, तेव्हा तिने उलट विचारले, "हमन ला गांव जाए बर गाडी कब मिलही?" (आम्हाला गावी जायला गाडी कधी मिळेल?) माझ्या प्रश्नावलीत गाडीला रकाना नव्हता. त्या दिवशी प्रश्नावली पिशवीतच ठेवून श्रमिक रेल्वेसाठी नाव कुठे नोंदवायचे याची माहिती काढून दिली, आणि दुसऱ्या दिवशी तिनेच चार बायका बोलावून आणल्या.

भाषेचा विचार भाषांतरापाशी थांबवू नये. सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली ती १९७२ मध्ये; त्याआधीपासून तो समाज कविता, कुळाचा इतिहास, तंटे, सारे तोंडीच चालवत आला आहे, त्यामुळे तेथे छापील पत्रकापेक्षा ओळखीच्या आवाजातील ध्वनिसंदेश अधिक उपयोगी पडतो. आपल्या वस्त्यांतही संमतिपत्र आधी बोलून दाखवावे, मग वाचावे. प्रश्न वस्तीतल्याच दोन बायकांकडून बोलून घ्यावेत, कारण छत्तीसगडीत तापाला 'जर' म्हणतात, आणि "जर आला तर काय करता?" हे वाक्य मराठी माणसाला अर्धवटच वाटेल. वाचता न येणाऱ्या व्यक्तीची संमती घेताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षर साक्षीदार हजर हवा आणि अंगठा त्याच्यासमोर घ्यावा.

सर्वांत मोठी चूक होते ती मध्यस्थ निवडण्यात. ठेकेदाराला सांगितले की तो तासाभरात चाळीस माणसे उभी करतो, आणि नेमकी म्हणूनच ती संमती कुचकामी ठरते, कारण उद्याची रोजी ज्याच्या हातात आहे त्याला कोण नाही म्हणणार? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वेही अशा दुबळ्या गटांवर दबाव येऊ नये म्हणून विशेष काळजी घ्यायला सांगतात. सोमाली समाजातही एकाच कुळातील वडीलधाऱ्याला गाठून सगळा समाज गाठला, असे मानता येत नाही. आशाताई, किराणा दुकानदार, सुईण, मंडळाचा पोरगा असे तीन-चार वेगवेगळे दुवे ठेवावेत आणि त्यांना मानधन द्यावे. फुकट राबवून घेऊ नये.

वेळ सकाळी ठिय्यावर किंवा संध्याकाळी सातनंतर घरी ठरवावी. मे महिन्यातल्या दुपारी टिनाच्या खोलीत पाऊण तासाची मुलाखत घेणे हा निव्वळ छळ आहे. हरेली आणि तिजा-पोरा या छत्तीसगडी सणांच्या सुमारास अर्धी वस्ती गावी असते, त्यामुळे दुसऱ्या फेरीच्या तारखा कॅलेंडर पाहून नव्हे, वस्तीला विचारून ठरवाव्यात. बुडालेली रोजी आणि फोनचा रिचार्ज भरून द्यावा. मात्र रक्कम इतकी मोठी नसावी की नकार देणेच अवघड व्हावे. ही रक्कम संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीला आधी कळवावी.

नावे आणि फोन क्रमांक उत्तरांपासून वेगळ्या वहीत, कुलुपात ठेवावेत. ही माहिती कोणाकडे जाईल आणि कोणाकडे जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. तपासणीत संसर्ग आढळल्यास प्रशासनाला कळवणे बंधनकारक असेल, तर तेही नमुना घेण्याआधी सांगावे, मग काही जण उठून गेले तरी चालेल. रक्ततपासणीचा निकाल ज्याचा त्याला, एकांतात, त्याच्या भाषेत द्यावा, आणि एकूण निष्कर्ष शोधनिबंधाआधी वस्तीच्या चौकात मांडावेत. त्या बैठकीत पहिल्या भेटीची वही सोबत न्यावी आणि ज्या प्रश्नांची उत्तरे अजून दिली नाहीत, ती पाने आधी उघडावीत.