हजार तळ्यांच्या काउंटीत बिऱ्हाड हलवताना

मिनेसोटाच्या पश्चिम भागातल्या ऑटर टेल काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) १,०४८ तळी आहेत. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही काउंटीत एवढी नाहीत. मुख्य गाव फर्गस फॉल्स, आय-९४ महामार्गावर. तिथून फार्गो तासाभरावर, मिनियापोलिस तीन तासांच्या आत-बाहेर. घरून काम करणारी आपली मंडळी हल्ली तळ्याकाठच्या घरांचे जुलैतले फोटो बघून भाळतात. घर जरूर घ्या, पण बघायला फेब्रुवारीत जा.

कारण तिथली बरीच घरं मुळात उन्हाळ्यापुरतीच बांधलेली आहेत. जाहिरातीत 'सीझनल' असा शब्द दिसला की कान टवकारा. या भागात जमीन इतकी खोल गोठते की घराचा पाया ६० इंच खाली न्यावा लागतो. पाण्याची लाइन त्याहून वर असेल, तर जानेवारीत नळ कोरडा. विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: लाइन किती खोल आहे, मागच्या हिवाळ्यात घरात कोणी राहत होतं का, आणि राहत असेल तर त्या महिन्यांची वीज व इंधनाची बिलं कुठे आहेत. चौथी गोष्ट रस्त्याची. काउंटीच्या आणि टाउनशिपच्या रस्त्यांवरचा बर्फ सरकारी नांगर काढतो. तळ्याकडे वळणारी खाजगी गल्ली कोणीच काढत नाही. तिथे कोणाशी ठरवलंय आणि मोसमाचे किती, ते ऑफर देण्याआधी कळायला हवं. इंटरनेटचंही तेच. एका तळ्याच्या या काठाला फायबर असतो, त्या काठाला नसतो. नेमका पत्ता देऊन कंपनीकडून लेखी घ्या.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर घराच्याही आधी वकील गाठा. कामाची जागा बदलते, तेव्हा घरून काम असलं तरी तुमचं घर हीच नवी कामाची जागा ठरते. ती जुन्या महानगर क्षेत्राच्या बाहेर असेल, तर कंपनीला नवा एलसीए (कामाची जागा आणि पगार नोंदवणारा कामगार खात्याचा अर्ज) आणि व्हिसाचं सुधारित पिटिशन तुम्ही तिथे काम सुरू करण्यापूर्वी दाखल करावं लागतं. 'मॅनेजर हो म्हणाला' यावर सामान हलवणारे पुढे व्हिसाच्या एक्स्टेन्शनच्या वेळी अडकतात. हलल्यावर १० दिवसांत पत्ता बदलल्याचा फॉर्म, एआर-११, भरायचा, आणि दुसऱ्या राज्यातून येत असाल तर लायसन्स आणि गाडीची नोंदणी ६० दिवसांत.

आता पाणी. गावाबाहेर नळयोजना नाही, घरची बोअर. ऑफरमध्येच पाणी-तपासणीची अट घाला: जिवाणू, नायट्रेट आणि आर्सेनिक. नायट्रेटची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम, आर्सेनिकची १० मायक्रोग्रॅम. पश्चिम मिनेसोटात आर्सेनिक जमिनीतूनच येतं, त्यामुळे पाणी काचेसारखं दिसलं तरी चाचणी चुकवू नका. उकळून ते जात नाही. तळघर असेल तर रेडॉन हा जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायूही मोजा, लिटरला ४ पिकोक्युरीच्या वर गेला तर बाहेर खेचणारा पंखा लावावा लागतो. शिवाय बोअरचं पाणी बहुधा जड असतं. तूरडाळ चार शिट्ट्यांनंतरही दाण्यादाण्यानं तरंगत राहिली, तर दोष कुकरचा नाही, पाण्याचा. सॉफ्टनर लावला की डाळ शिजते, पण त्या पाण्यात सोडियम वाढतं. पिण्यासाठी सिंकखाली आरओ वेगळा ठेवा.

सांडपाण्याला सेप्टिक. टाकी बेडरूमच्या संख्येवर बसवलेली असते, माणसांच्या नव्हे. आई-बाबा सहा महिने राहायला आले की ताण वाढतो. दर तीन वर्षांनी टाकी तपासून किंवा उपसून घ्या. घेताना अलीकडचा कम्प्लायन्स रिपोर्ट (सेप्टिक नियमांत बसतं का, ते सांगणारा) मागा आणि प्लॉट चिंचोळा असेल तर नीट विचारा की पाणी जमिनीत मुरवणारी व्यवस्था आहे की नुसती साठवण टाकी. नुसती टाकी असेल तर ती भरली की उपसायची, भरली की उपसायची. खर्च संपत नाही. फोडणीचं उरलेलं तेल, तूप, परातीतलं पीठ सिंकमध्ये सोडू नका. चरबी टाकीतून पुढे सरकली की मुरण्याची जमीनच बुजते.

हिवाळ्यात सेप्टिक गोठतं ते बहुधा तीन कारणांनी. पाइपवरून गाडी किंवा स्नोमोबाइल गेल्यानं बर्फ दाबला जातो आणि त्याची ऊब जाते. घर आठवडेच्या आठवडे बंद राहतं. किंवा गळका नळ, नाहीतर फर्नेसचं, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीचं, ठिबकणारं पाणी पाइपमध्ये थेंबाथेंबानं थिजत जातं. हे तिसरं कोणाच्या लक्षातच येत नाही. सप्टेंबरनंतर सेप्टिकवरचं गवत कापू नका. बर्फ उशिरा पडणार असं दिसलं, तर वर ८ ते १२ इंच सुक्या गवताचा थर पसरा.

इंधन म्हणजे प्रोपेन. अंगणात ५०० गॅलनची टाकी असते, पण ती ८० टक्केच भरतात, म्हणजे ४०० गॅलन. झाकण उचललं की आत गोल काटा दिसतो. तो ३० वर आला की फोन करा. टाकी पूर्ण रिकामी झाली तर भरण्याआधी गळती तपासावी लागते आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. टँकर येईल एवढी वाट मोकळी ठेवा, झाकणाजवळ खुणेची उंच काठी रोवा. भाव उन्हाळ्यातच ठरवून टाकलेला बरा.

घरात राहायला गेलात की ३१ डिसेंबरच्या आत होमस्टेडचा (हे आपलं राहतं घर आहे, असा) अर्ज काउंटीच्या असेसरकडे, म्हणजे कर-आकारणी अधिकाऱ्याकडे, द्या. विसरलात तर पुढच्या वर्षीचा मालमत्ता कर सेकंड होमसारखा लागतो.

काठावर काही बांधायचं मनात असेल, तर आधी तळ्याचा वर्ग विचारा. सांडपाण्याची सार्वजनिक लाइन नसेल तिथे राज्याच्या किमान नियमानं घर त्या वर्गाप्रमाणे पाण्यापासून ७५, १०० किंवा १५० फूट मागे हवं. लाकडी धक्का थंडीआधी बाहेर काढायचा. तो किंवा बोटीची लिफ्ट दुसऱ्या तळ्यात हलवणार असाल तर २१ दिवस कोरडी ठेवावी लागते, झेब्रा शिंपले हे उपद्रवी जीव तिकडे पसरू नयेत म्हणून. बोट रस्त्यावर आणताना बुडाचं बूच काढलेलंच हवं.

गोठलेल्या तळ्यावर चालायला स्वच्छ, नवा बर्फ किमान ४ इंच, छोट्या गाडीला ९ ते १०. पांढरट बर्फाची ताकद निम्मी धरा. पुलाजवळ आणि ओढा येऊन मिळतो तिथे जाऊच नका.

माणसांची काळजी नको. याच काउंटीतल्या पेलिकन रॅपिड्स गावात टर्की पक्ष्याच्या मांसाच्या कारखान्यामुळे सोमाली, बोस्नियन, व्हिएतनामी, मेक्सिकन कुटुंबं कधीची वसलेली आहेत. वेगळा चेहरा दिसला म्हणून कोणी वळून पाहत नाही. रस्त्यात समोरचा स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलतो, तुम्हीही उचला. शेजाऱ्यानं न सांगता तुमचा ड्राइव्हवे साफ केला तर रोख पैसे पुढे करू नका, त्याला अवघडल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी डबा न्या. शंकरपाळे चालतात. चिवडा न्यायचा तर मिरची जवळजवळ वगळूनच.