हंड्यावरचं नाव

खऱ्या माणसावर कथा लिहायची म्हटलं की आपण आधी नाव बदलतो. मीही तेच केलं. मामाचं नाव बदललं, त्याचं गाव रत्नागिरीकडून उचलून साताऱ्याकडे नेलं आणि निर्धास्त झालो. दिवाळी अंकात कथा आली आणि आठवड्याच्या आत मामेभावाचा फोन. "बाबांवर लिहिलंयस ना?"

त्यानं ओळखलं ते आवाजावरून. मामा मुंबईच्या कापड गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांवर, होता. मागांच्या खडखडाटात साचेवाल्यांच्या कानांची वाट लागायची, त्यामुळे मामा घरातही ओरडूनच बोलायचा. शेजाऱ्याकडे वीस रुपये उसने मागायचे तर अख्ख्या मजल्याला कळायचं. हे मी जसंच्या तसं ठेवलं होतं. काढलं असतं तर कथेत मामा उरलाच नसता. आता मी लकब ठेवतो आणि तिच्याभोवतीचं सगळं हलवतो: वय, खातं, पोरंबाळं. दोन-तीन माणसांचं मिळून एक पात्र करतो. त्यातही भलत्याच नातेवाइकाला स्वतःचा चेहरा दिसतो आणि तो लग्नाकार्यात बोलत नाही. त्याला इलाज नाही.

खरा घोळ प्रसंगांचा होतो. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझ्या पहिल्या खर्ड्यात हे सगळं होतं, तारीखवार. पण तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. ज्या घटनेला शेवट नाही तिच्यावर कथा संपवणार कशी? चाळीस पानं फाडली आणि एकच दुपार ठेवली, मामी पितळी हंडा गहाण टाकायला निघते ती.

हंड्यावर मामीचं माहेरचं नाव कोरलेलं होतं. तो सुटला नाहीच. पुढे काही वर्षांनी कुणाच्या तरी लग्नात पाणी भरून ठेवलेला तोच हंडा मामीला दिसला, नावासकट. हे खरोखर घडलेलं आहे, आणि मी मोठ्या हौसेनं कथेचा शेवट त्यावरच केला होता. संपादकांनी समासात लिहिलं, "पटत नाही." मी फोन करून तावातावानं सांगितलं, अहो, हे घडलंय! ते म्हणाले, "घडलं असेल. कथेत घडलेलं नाही." चार दिवस राग धरला. मग पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं की तो योगायोग मी आयता उचलला होता, आधीच्या पानांत त्याची कसलीच तयारी नव्हती.

लग्न काढून टाकलं. त्याऐवजी कथेतली बाई घराबाहेर पडण्याआधी मोरीत बसून खिळ्यानं हंड्यावरचं नाव खरवडते, एवढंच लिहिलं. हे पूर्ण माझ्या मनचं.

कायद्याचंही माहीत असू द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. नाव बदललं, तरी ओळखणाऱ्यांनी ओळखलं तर 'सर्व पात्रे काल्पनिक' ही ओळ फारशी कामाला येत नाही. माणूस वारलेला असला तरी घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं लिहिलेलं त्यात बसू शकतं. मामा तेव्हा हयात नव्हता, म्हणून मी उगाच निश्चिंत होतो.

मामीला कथा मामेभावानं वाचून दाखवली. मी जीव मुठीत धरून बसलो होतो. उसनवारी, मामाचं दारू पिणं, सगळं त्यात होतं. त्यावर ती चकार शब्द बोलली नाही. खिळ्याचा प्रसंग मात्र परत वाचायला लावला.

"मी नाही खरवडलं नाव," ती म्हणाली. मग पदर सारखा करत, "तेव्हा सुचलंच नाही."