ईएलएफ शिकायचंय? आधी वही-पेन घ्या

सी ही प्रोग्रामिंगची भाषा येत होती, तरी कंपाइल झालेल्या फाइलच्या (लिनक्सवर तिचा फॉरमॅट म्हणजे ईएलएफ) पोटात काय असतं ते मला ठाऊक नव्हतं. रिव्हर्स इंजिनीअरिंग, म्हणजे तयार प्रोग्राम उलगडून समजून घेणं, शिकायचं ठरवलं आणि थेट मोठमोठी टूल्स उघडून बसलो. महिनाभर हाती काही लागलं नाही. खरी सुरुवात वही-पेन घेतल्यावर झाली. लिनक्सवर चार ओळींचा प्रोग्राम जीसीसी कंपाइलरने कंपाइल केला आणि फाइलचे बाइट दाखवणाऱ्या एक्सएक्सडी या टूलने त्याचे पहिले ६४ बाइट काढून वहीत उतरवले. ६४-बिट ईएलएफचा हेडर बरोबर तेवढाच असतो.

हेक्समध्ये (१६च्या पायावरच्या आकड्यांत) सुरुवातीला ७एफ, मग ४५, ४सी, ४६, म्हणजे ई, एल, एफ ही अक्षरं. पाचवा बाइट २, म्हणजे फाइल ६४-बिट. सहावा १, म्हणजे लिटल एंडियन, आणि माझं घोडं इथेच अडलं. शून्यापासून मोजलं तर २४व्या बाइटपासून एन्ट्री पॉइंटचा, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या जागेचा, पत्ता असतो. मला तिथे ६० १० आणि पुढे नुसती शून्यं दिसत होती. ईएलएफची माहिती वाचून दाखवणारं रीडएल्फ हे टूल मात्र १०६० म्हणत होतं. अख्खी संध्याकाळ मी पुन्हा पुन्हा बाइट मोजत होतो. मोजणी बरोबरच होती. लिटल एंडियनमध्ये सर्वांत खालचा बाइट आधी लिहितात, म्हणून पत्ता उलटा दिसत होता. त्या संध्याकाळनंतर हे मी कधी विसरलो नाही.

पुढे सेक्शन आणि सेगमेंट यांची गल्लत होते. सेक्शन, म्हणजे फाइलचे कोड, डेटा असे भाग, मुख्यतः लिंकरसाठी, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामसाठी. प्रोग्राम सुरू करताना कर्नल सेक्शनची यादी बघतही नाही; प्रोग्राम हेडरमधले सेगमेंट, म्हणजे मेमरीत चढवायचे तुकडे, वाचून मेमरीत मांडतो.

एक प्रयोग मात्र कराच. फंक्शनच्या बाहेर दहा लाख इंटचा (प्रत्येकी ४ बाइट) अ‍ॅरे घ्या, किंमत देऊ नका. माझी फाइल १६ केबीच्या आसपास राहिली. मग फक्त पहिल्या घरात १ ठेवला, तर ती ४० लाख बाइटांच्या वर गेली! आधी अ‍ॅरे बीएसएस या सेक्शनमध्ये होता. तिथे सगळी शून्यंच, मग ती फाइलमध्ये साठवायची कशाला? किती जागा लागेल तो आकडा पुरतो. एका घरात १ येताच अख्खा अ‍ॅरे डेटा सेक्शनमध्ये गेला आणि उरलेली शून्यंही फाइलमध्ये लिहावी लागली. प्रोग्राम हेडरमध्ये फाइलमधला आकार आणि मेमरीतला आकार असे दोन वेगळे रकाने का आहेत, ते मला तेव्हा कळलं.

विंडोजचा पीई हा फाइल फॉरमॅट यानंतर घ्या. तिथे सुरुवातीला एमझेड दिसेल. ती मायक्रोसॉफ्टचे प्रोग्रामर मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरं. शून्यापासून मोजून ६०व्या बाइटपासूनचा आकडा वाचा, अर्थात उलटा, आणि फाइलच्या सुरुवातीपासून तेवढे बाइट पुढे जा. तिथे पी, ई आणि दोन शून्यं सापडतील.