चढावर सटकणारी चेन

तुळजापूरच्या घाटात उभं राहून पेडल मारलं की माझ्या सायकलची चेन खाडकन सटकायची. दुकानात दोनदा गिअर जुळवून घेतले, पण फरक शून्य.

रविवारी राईडनंतर सिद्धेश्वर तलावापाशी सायकल क्लबची अवजारांची सामाईक पेटी उघडली. आमचे एक काका म्हणाले, "गिअरला हात लावू नकोस, आधी चेन मोज." स्टीलची पट्टी लावली. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे 24 कड्या बरोबर 12 इंच भरायला हव्यात. माझ्या तीन मिलिमीटरहून जास्त पुढे गेल्या होत्या! इतक्या झिजलेल्या चेनबरोबर कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचे, दातही झिजतात, त्यामुळे दोन्ही बदलावं लागलं.

कॅसेट खोलायचा पाना आणि चेन कटर पेटीतलेच. एकट्याने कोण विकत घेणार? वर्षातून एकदा तर लागतात. काकांनी स्वतः केलं नाही, माझ्याकडून करून घेतलं. नवी चेन जोडताना पिन दाबल्यावर एक कडी आखडली; ती दोन्ही अंगठ्यांनी आडवी हलवली आणि मोकळी झाली. तो क्षण फार आवडला.

आता घाटात चेन गप्प असते. पुढच्या रविवारी एका नव्या मेंबरची चेन मोजायचीय, पट्टी मी धरणार आहे.